पीळ

अर्धं डोकं सरळ झालं आणि वीज गेली.

सांतियागोच्या आमच्या गल्लीत ही काही बातमी नव्हे.
समोरच्या दोन्या ओलिंपियाचा पंखा दमत दमत थांबला,
कोपऱ्यावरच्या दुकानातलं गाणं शब्दाच्या मधेच तुटलं,
आणि योकास्ता आरशात बघत राहिली:
डावीकडे पट्टीने आखल्यासारखे,
उजवीकडे जन्मताना घेऊन आली तसे.
चार वाजता बँकेत मुलाखत. घड्याळात दोन.

"आधी प्लग काढ."
"वीजच नाही, मावशी."
म्हणून तर.
वीज जाताना विचारत नाही, येतानाही सांगत नाही.
एकदा मी तशीच उठून गेले होते गप्पा मारायला;
वीज घरी आली माझ्याआधी.
मेजावरचा तो दोन बोटं रुंद तपकिरी डाग,
ज्यावर आम्ही आंब्यांचा वाडगा ठेवतो.
पाहुण्यांना वाटतं, काय हौस आहे फळांची!

हा नवा स्ट्रेटनर दोघींनी मिळून घेतला.
तिला गुलाबी हवा होता. म्हटलं, रंग तुझा, बाकीचं मला बघू दे.
पट्ट्या मिटून उजेडासमोर धरल्या:
फटीतून उजेड दिसला तर केसही तिथूनच निसटणार,
मग तीच बट पुन्हा, पुन्हा, आणि जळणार.
कडेवरून अंगठा फिरवला, कुठे खरखर लागते का.
वायर मुळाशी फिरते, की मान मोडून घेते.
आणि आकडा.
ज्याला फक्त चालू आणि बंद एवढंच कळतं
ते डोक्याजवळ आणू नये,
यंत्र असो की माणूस.

खोक्यावर मोठ्या दिमाखात छापलं होतं: दोनशे तीस.
दोनशे तीसवर मी पाव भाजते.
तुझ्या केसांना एकशे ऐंशी, कपाळावरच्या बारीक बटांना त्याहून कमी,
आणि केस आधी कोरडे, अगदी मुळापर्यंत.
चर्र हा आवाज कच्च्या केळ्याच्या कापांनाच शोभतो.

आमच्या आईकडे आकडा नव्हता.
लोखंडी कंगवा शेगडीवर, आणि त्याची परीक्षा जुन्या वर्तमानपत्रावर:
कागद पिवळा पडला तर थांब, नाही पडला तर ये.
"कान धर," ती म्हणायची.
शिक्षा नव्हे, कान वाचावा म्हणून.
तरी माझ्या उजव्या पाळीवर एक गुळगुळीत जागा आहे
जिथे कधीच भोक पाडता आलं नाही.

तीन वाजले. वीज नाही.
योकास्ता उठली, परसातल्या पिंपापाशी गेली
आणि डावी बाजू सरळ मग्याच्या धारेखाली धरली.
मी ओरडणार होते. नाही ओरडले.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
सुंभाचं असेल तसं. केस जळला की पीळही जातो,
मग तो पाण्याने येत नाही, पस्ताव्याने तर नाहीच.
म्हणून मी श्वास धरून बघत होते.
एक बट हलली. आखडली. वळली.
मग दुसरी. मग सगळ्याच, शाळा सुटल्यासारख्या.

मानेपाशी एक तेवढी आली नाही.
तिथे मी तीनदा फिरवला होता,
दोन्या ओलिंपियाशी खिडकीतून बोलता बोलता.
ती मी इतरांत दडवली, पिन लावली, बोलले नाही.

ती दार ओढून निघाली, सदऱ्याच्या खांद्यावर पाणी टपटपत.
कोपऱ्याशी पोचते न पोचते तोच
सगळी गल्ली एका आवाजात ओरडली: आली!
पंखा फिरला, दुकानात दुसरंच कुठलं गाणं सुरू झालं.
योकास्ता थबकली. हात केसांकडे गेला.

मी खिडकीत, हातात मोकळा प्लग.
हाक मारावी की नाही हे ठरेपर्यंत
ती वळणावरून दिसेनाशी झाली.